खंडेनवमीला घासलेली टाकी

"मॅडम, बगा की! कशी चकचकीत केलीया!"

आमचे ऑपरेटर तानाजीमामा हातात ब्रश घेऊन उभे होते. टाकीला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

पलूसजवळच्या आमच्या प्लँटवर आम्ही शेवाळ पिकवतो. गोबरगॅस काढून झाला की शेणाची पातळ स्लरी उरते. तिचं पाणी गाळून त्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ वाढवायचं. त्यातून तेल काढायचं, मग रंग, राहिलेल्या चोथ्याचं खत. काहीच वाया घालवायचं नाही, याला बायोरिफायनरी म्हणतात.

मोठ्या हौदात शेवाळ खाणारे किडे झाले होते, म्हणून तो आम्ही रिकामा केला होता. सगळी मदार या छोट्या टाकीवर. तीत सीड होतं, म्हणजे आमचं विरजण. लॅबमधून नवं मिळतं, पण त्याला स्लरीची सवय व्हायला महिने जातात. आणि दिवाळीनंतर प्लँटला पैसे पुरवणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. हौद हिरवा दिसला तर ठीक, नाहीतर प्लँटला कुलूप.

"मामा, काय केलंत हे?"

"खंडेनवमी न्हवं का आज? पंप पुसला, मोटर पुसली. टाकीत लय शेवाळ धरलं हुतं. तसल्या घाणीची पूजा करायची व्हय?"

इथे येण्याआधी जन्मभर पाण्याच्या टाकीतलं शेवाळ खरवडलेला माणूस. त्याला काय बोलणार? तरी बोलले. चांगली भरपूर बोलले. मामांचं तोंड एवढंसं झालं.

प्लँटचे प्रमुख असलेल्या सरांना फोन लावला. "सर, सीड गेलं."

"बॅकअप असेल ना?"

"इथल्या फ्रिजमधलं लोडशेडिंगमध्ये खराब झालंय."

"मग पाहुण्यांना काय दाखवायचं? नारळ?"

फोन ठेवला, तर शेवाळ वाळवण्याचं काम करणाऱ्या शालनमावशी चुळबुळत पुढे आल्या.

"आवं मॅडम, रागवू नगा. त्ये टाकीतलं हिरवं पाणी माज्या घरात हाय वाईच."

"घरात? कशाला?"

"घटाला घालाया नेलंतं. शेणाचंच पाणी, त्याला कसला इटाळ? आख्ख्या गल्लीत माज्यासारका घट तरारला न्हाई बगा!"

मावशींना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट त्यांचं गाव, कुंडल गाठलं. देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत, उन्हात, पाच लिटरचा कॅन. आत हिरवंगार. मी तिथेच मटकन बसले. मावशींना वाटलं, देवीच्या पाया पडतेय. मग पडलेही.

प्लँटवर येऊन एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. गोल, हिरव्या, ठणठणीत पेशी. किडा एकही नाही.

"जित्तं हाय?" मामांनी दारातूनच विचारलं.

"आहे मामा, जिवंत आहे!"

मामा पायरीवर बसले आणि टोपीने डोळे पुसू लागले. माझंही काही वेगळं नव्हतं.

टाकीतलं ब्लीचिंग धुऊन काढलं, मग कॅनमधून टाकी, टाकीतून हौद. दिवाळीनंतर पाहुणे आले तेव्हा हौद काठोकाठ हिरवा होता. प्लँट चालू आहे.

आता खंडेनवमीला टाकी फक्त बाहेरून पुसून हार घालतात. सीडही टाकीखेरीज दोन ठिकाणी ठेवतो: साताऱ्यातल्या लॅबच्या फ्रिजमध्ये आणि शालनमावशींच्या खिडकीत. फ्रिजने एकदा दगा दिलाय. खिडकीने अजून तरी नाही.