कोल्चा आणि मान्ता

राज्याची वाटणी चालली होती त्या वर्षांत आमच्या काचीगुड्यात उठलं की बंद. बस नाही, ऑटो नाही, आणि घरात मी एकटी. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा माद्रिदला, सून तिकडचीच, नात पाच वर्षांची. ती इकडे एकदाही आली नव्हती. तिला मराठी चार शब्द, मला स्पॅनिश शून्य. मग करायचं काय? तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली.

वरून माझी हिरवी इरकल, आणि आत, अंगाला लागते त्या बाजूला, यांचं धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं धोतर. आजोबांच्या मांडीवर ती कधी बसली नाही. निदान धोतर तरी तिच्या अंगावर पडावं, एवढीच माझी हाव.

पार्सल पोचलं. व्हिडिओवर नातीने पलंगावरच्या गोधडीकडे बोट केलं, "आजी, कोल्चा!" मी शब्द पाठ केला. शेजारणीला ऐटीत सांगितलं, "आमच्या गोधडीला तिकडं कोल्चा म्हणतात." महिनाभर मिरवलं, काय सांगू!

बंद थंडावले तशी एका रविवारी आबिड्सला गेले. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत स्पॅनिशची डिक्शनरी मिळाली. तिथंच उभ्याउभ्या उघडली. कोल्चा म्हणजे पलंगपोस. पांघरतात ती मान्ता.

घरी येऊन मुलाला विचारलं, "पोरगी गोधडी पांघरते ना रे?"

"नाही आई. दिवसा पलंगावर घालतो, झोपताना घडी करून ठेवतो. इतकी सुंदर आहे, खराब होईल."

"खराब व्हायलाच शिवलीय, गाढवा!"

मग नातीला म्हटलं, "कोल्चा नो. मान्ता." ती खळखळून हसली, धावत गेली आणि दुकानातलं गुलाबी ब्लँकेट घेऊन आली. "आजी, मान्ता!" मला भांडावंसं वाटलं, रडावंसंही. पण पोरीचं बरोबर होतं.

"आई, शिकलीस की गं तू!" मुलगा म्हणाला.

"हौ, शिकले. आता ती गोधडी परत पाठव."

"का?"

"मला थंडी वाजते."

माझ्या डोक्यावरचा पंखा गरम वारं फेकत होता.

"आई, एप्रिल आहे."

"असू दे. वाजते."