दातातला दोरा

टाकेमावशीला हवी तेव्हा कात्री कधीच सापडली नाही. दुकानात कात्र्या होत्या, चांगल्या धारदार होत्या. पण पँटची दुमड घालून झाली की नेमक्या त्याच वेळी सगळ्या कापडाखाली दडी मारून बसायच्या. मग मावशी मान वाकवायची, दोरा पुढच्या दातांत धरायची आणि कट्! गिऱ्हाइकं बघतच राहायची.

"माझी कात्री देवानंच तोंडात बसवून दिलीय," ती म्हणायची. "हरवायची भीती नाही, धार लावायची कटकट नाही."

कपडे उसवून, आवळून, सैल करून देण्याचं तिचं दुकान म्हणजे एक खोली. एका अंगाला लाँड्री, दुसऱ्या अंगाला चपला दुरुस्त करणारा. आत मशीन, भिंतभर रिळं आणि एक उभा आरसा. त्या आरशापुढे गिऱ्हाइकं पोट आत ओढून उभी राहायची आणि कंबर जास्त सैल केली म्हणून मावशीशी वाद घालायची. टाके घालून घालून तिचं खरं नाव लोक विसरले होते, आणि तिचीही त्याला हरकत नव्हती. वरच्या पुढच्या दाताला मधोमध एक खाच पडली होती, बरोबर दोऱ्याच्या जाडीची. ती नवऱ्याने दाखवून दिली तेव्हा मावशीला वाईट वाटायचं सोडून अभिमानच वाटला. "सुताराच्या हाताला घट्टे पडतात ना? तसंच हे," ती म्हणाली.

नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. त्याचे दात सगळे गेले होते. कवळी होती, ती तो रेडिओवर, वर्तमानपत्रावर, कुठेही काढून ठेवायचा. एकदा तर ती बॉबिनच्या डबीत सापडली. "मी अजून दाताने दोरा तोडते, आणि तुम्हाला केळंसुद्धा विचार करून खावं लागतं," हे वाक्य मावशीने त्याला इतक्यांदा ऐकवलं होतं, की तिने सुरुवात केली की शेवट तोच करायचा.

त्यामुळे दात हलायला लागला तेव्हा तिने घरात अवाक्षर काढलं नाही. आधी घासताना रक्त यायला लागलं. ब्रश कडक असेल, म्हणून तिने नवा ब्रश आणला. मग हिरडी सुजली. अंगात उष्णता वाढली असेल, म्हणून पाणी जास्त प्यायली. मग जीभ लागली की दात हलायला लागला. यावर काही कारण सुचेना, तेव्हा तिने दाताला जीभ लावणंच बंद केलं. असा इलाज आपल्यालाच सुचू शकतो, असं तिला नंतर वाटलं.

एक दिवस बँकेतल्या साहेबांचा पांढरा शर्ट आला. कॉलर उलटून लावायची होती. मावशीने शेवटचा टाका घातला, मान वाकवली, कट् केलं, आणि कॉलरवर लाल ठिपका उमटला. बोटाला सुई टोचून कपड्याला रक्त लागलं तर स्वतःच्याच थुंकीने डाग निघतो, हे शिवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मावशीने झटकन बोट जिभेवर ओलं करून डागावर चोळलं. डाग दुप्पट झाला. थुंकीतच रक्त होतं.

गार पाण्याने आणि साबणाने शर्ट वाचला. मावशी मात्र मशीनपुढे हात जोडून बसली. "देवा, शर्टाचं तू बघितलंस. आता दाताचंही बघ." मग देवाने पाय दिलेत ते जिथे जायचं तिथे जाण्यासाठी, असं म्हणून ती उठली आणि दातांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला गोड आणि हाताने खमकी. तिने दात हलवून बघितला, हिरड्या टोचून बघितल्या.

"मावशी, दातांच्या फटीत घाण साचून दगडासारखी झालीय, त्यामुळे हिरडीने दात सोडलाय. आज मी साफ करून देते. पुढचं काम तुमचं. हिरडी आवळली तर दात राहील, नाही आवळली तर काढावा लागेल."

"काढावा? हा पुढचा?"

"पुढचाच. दात घासता ना?"

"दोन्ही वेळा."

"आणि दातांमध्ये दोरा?"

मावशीचा चेहरा उजळला. "दोरा? अहो, दिवसभर दातात दोराच तर असतो माझ्या!"

"दिवसभर?"

"सकाळी दुकान उघडलं की सुरू. मशीन घेतलं तेव्हापासून."

डॉक्टरणीच्या हातातलं अवजार थांबलं. दिवसभर दातांत दोरा फिरवणारं माणूस तिला पुस्तकातही भेटलं नव्हतं. "मग हिरड्या अशा कशा?" ती पुटपुटली. "पद्धत चुकत असेल. आता जेवण झाल्यावर एकदाच फिरवायचा, पण प्रत्येक फटीतून, शेवटच्या दाढेपर्यंत. मेण लावलेला असला तर बरा."

"मेणाचा. बरं."

परत येताना मावशीने औषधाच्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही. जिच्या भिंतीवर रिळंच रिळं, तिने दोरा विकत आणायचा?

त्या आठवड्यात नाटकाच्या लोकांचे लाल पडदे शिवायला होते. जेवण झाल्यावर मावशीने पडद्यांचाच दोरा घेतला, दोन दातांमध्ये घातला आणि टाका आवळतो तसा ओढला. तो खच्कन हिरडीत गेला. डोळ्यांसमोर तारे चमकले. तेव्हा तिला मेण आठवलं. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा ओढून घेतल्यावर पुढच्या दातांत तो बरा फिरला. हिंमत वाढली. मावशी दाढेकडे वळली. तिथे दोरा आत गेला तो गेलाच. ओढला तर तुटला. तो काढायला दुसरा घातला, तोही अडकला.

नवरा आत आला. "अगं, हा तोंडात गोंडा कसला?"

"ओऊ आका!"

"बोलत नाही, बोलत नाही. तोंड उघड." तो टॉर्च घेऊन आला आणि धुक्यात रस्ता शोधावा तसा आत वाकून बघायला लागला. "डावीकडे दोन टोकं दिसतायत. एकाला गाठ आहे. ही गाठ तू मारलीस?"

मावशीने मान हलवली. दोरा हातात घेतला की शेवटाला गाठ मारायची, ही हाताची सवय. हाताने मारली होती, डोक्याला विचारलं नव्हतं.

"धन्य आहेस," नवरा म्हणाला. "दाढेला बटण लावून घ्यायचं होतं, तर आधी सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीने चिमट्याने गाठ बाहेर काढली आणि प्रकाशात धरली.

"मावशी, हा कुठला दोरा?"

"पडद्याचा."

"आणि दिवसभर दातात असतो तो?"

"तोही असलाच. तोडायला."

डॉक्टरीण इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. "म्हणजे तुम्ही दोऱ्याने दात कधी साफ केलेच नाहीत. दातांनी दोरे तोडलेत!"

"उलटं झालं म्हणायचं," मावशी म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांचं उसवलेलं सरळ केलं, आणि स्वतःच्या तोंडात सगळं उलटं."

मग डॉक्टरणीने दात साफ करायचा खरा दोरा, म्हणजे फ्लॉस, दाखवला. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा. हळूहळू पुढे-मागे सरकवत फटीत न्यायचा, ओढायचा नाही. आत गेला की दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या कडेपाशी अलगद न्यायचा आणि वर-खाली करायचा. मग शेजारच्या दाताला तसंच. दर फटीला फ्लॉसचा नवा भाग.

"आणि गाठ नाही," मावशी आपणहून म्हणाली.

"गाठ नाही. सुरुवातीला थोडं रक्त येईल, घाबरून सोडू नका, कमी होत जाईल. नाही झालं तर या. आणि आजपासून दाताने एकही दोरा तोडायचा नाही."

सगळ्यात अवघड निघालं ते हे शेवटचंच. मावशीने कात्री फितीत ओवून गळ्यात अडकवली. तरी टाका संपला की मान आपोआप वाकायची, आणि कात्री हनुवटीला टोचायची. सुईत एका दमात दोरा ओवणारी तिची बोटं स्वतःच्या तोंडात शिरली की उधार आणल्यासारखी वागायची. आरशात बघून करावं तर डावं-उजवं गोंधळायचं. शेवटी तिने संध्याकाळची प्रार्थना जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली आणि तिला लागूनच फ्लॉस, कारण प्रार्थना तिची कधी चुकत नसे. आता प्रार्थनेत मन देवाकडे कमी आणि हलणाऱ्या दाताकडे जास्त असायचं. पण देवाला ते कळत असणारच, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नव्हता.

तपासणीच्या दिवशी ती खुर्चीत अंग चोरून बसली.

"रोज फिरवता ना?"

"रो..." मावशी थांबली. "एकदा चुकला. यांच्याशी भांडण झालं. तोंड बराच वेळ उघडं होतं, पण त्या कामासाठी नव्हतं."

डॉक्टरीण हसत हसत हिरडीवरून अवजार फिरवायला लागली. मावशीने डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरले. अवजाराच्या टोकाला रक्त आलं नाही. मग दातावर दोन बोटं आली, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"थोडा हलतोय अजून. पण हिरडीने धरलाय. मी काही काढत नाही हा."

मावशीने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, मोठ्याने डॉक्टरणीचे मानले. स्वतःची पाठ थोपटायला मात्र हात वळेना, कारण दात घालवायचे जेवढे उपाय होते तेवढे करून झाल्यावरच ती वाचवायच्या उपायाला लागली होती.

बाहेर नवरा बाकावर वाट बघत होता. "काय झालं? आहे का गेला?"

मावशी त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने सगळेच्या सगळे दात दाखवले. शेजारी गाल धरून बसलेला माणूस दचकून लांब सरकला.