यिम मावशीचं सयामी नाव

यिम मावशी आमच्या शेजारची. कंबोडियात, बात्तामबांगला नदीकाठी तिचा पानमळा होता. नवरा लवकर गेला. मळ्यावरच तिनं एकुलती लेक चान्थू वाढवली आणि मोठ्या सरोवरापलीकडे सिएम रीप गावात दिली.

मग शेजारच्या सयामची आमच्यावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांशी लढाई झाली. आमचा मुलूख सयामकडे गेला, सिएम रीप फ्रेंचांकडेच राहिलं. मायलेकींच्या मधे सीमा आली. नव्या सयामी साहेबांनी पान खायला बंदी घातली, रानटी सवय म्हणून. शिपायांनी मावशीचे वेल बुडापासून कापले. ती घराच्या शिडीवर बसून बघत राहिली.

चान्थूला दिवस गेल्याचा निरोप आला, तेव्हा मावशी सीमा ओलांडायचा परवाना काढायला निघाली. सयामी साहेबांच्या नव्या हुकमानं कचेरीत टोपीशिवाय बायकांनाही आत घेत नसत. माझ्या आईनं आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

"कशी दिसते गं?"

"भोपळ्यावर परात ठेवल्यासारखी!"

दोघी हसल्या. त्या वर्षात मावशीला हसताना मी तेवढंच पाहिलं.

कारकुनानं नाव विचारलं.

"यिम."

"असली नावं चालत नाहीत आता. सयामी नाव हवं. मालिनी लिहितो."

"लिही बाबा काय हवं ते. मला लेकीकडे जायचंय."

बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत ती सीमेवर पोचली. पलीकडच्या चौकीवर फ्रेंचांच्या चाकरीतला आपलाच ख्मेर शिपाई होता. त्यानं परवाना वाचला.

"मालिनी? म्हणजे सयामी."

"अरे, तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलतेय मी?"

"कळतंय गं मावशी. पण कागद सयामी आहे, आणि साहेब बघतोय. माघारी जा."

ती झाडाखाली बसून राहिली. संध्याकाळी दुसऱ्या गाडीनं परत आली. चान्थूचं बाळंतपण सासूनं केलं.

महायुद्ध संपलं, पुढच्या वर्षी मुलूख पुन्हा फ्रेंचांकडे गेला. निशाण बदललं, कचेरीतले चेहरे बदलले. चान्थू मुलाला घेऊन आली. पोरगं आजीला बघून आईमागे लपलं.

"आई, चल आमच्याकडे. रस्ता मोकळा झालाय."

"आज आहे," मावशी म्हणाली. "बस. भात खाल्लास का?"

तिला बोलायचं खूप असावं, पण जेवण होताच ती लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेली. चान्थू हलली नाही.

पौर्णिमेनंतर चान्थू मुलाला घेऊन परत गेली. मावशी नदीपर्यंत पोचवायला आली. "उद्या परत यायला रस्ता मिळाला नाही तर?" म्हणाली आणि तिथूनच माघारी वळली.