लायटरचे खडे

कामरगावच्या आमच्या शेतात यांनी संत्र्याची कलमं लावली, तेव्हा मी नुकतीच सासरी आले होते. नवराबायकोत बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं, ते त्या झाडांमुळे झालं. झाडं खांद्याला आली तोवर आमची बरी ओळख झाली होती.

ज्या वर्षी झाडांनी पहिल्यांदा आंबिया, म्हणजे माघातला, बहार धरला, त्याच उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. मोटेचं पाणी अर्ध्या बागेलाही पुरेना. उरलेल्या झाडांची सगळी भिस्त पाणी उपसायच्या इंजिनावर. महायुद्धात ते विमानांच्या तळावर होतं, पुढे भंगारात निघालं आणि यांनी कारंज्याहून बैलगाडीत घालून आणलं. दोन माणसं सहज उचलतील इतकं हलकं, त्याचं यांना भारी कौतुक. चैत्रात त्याच्यावर पहार पडली आणि दांडा ज्यात फिरायचा ते बाजूचं झाकण फुटलं.

कारंज्याचे ओतारी चाचा आमच्या घरची भांडी ओतून द्यायचे. त्यांनी झाकणाचे तुकडे मुशीत घातले, तर ते पांढरेफटक पेटले. चाचांनी सवयीने बादलीभर पाणी ओतलं, तशी आग छपराला भिडली. वाळू टाकून विझवलं तेव्हा हाती राख उरली होती आणि चाचांच्या भुवया गेल्या होत्या.

सुटा भाग कुठे मिळेना. पितळेचं झाकण केलं, तर त्याच्या वजनाने इंजिनाची पातळ कड तडकायला लागली. मग यांनी भंगारातून तसलाच हलका, करडा धातू हुडकून आणला. चाचांनी या वेळी पेट घेऊ नये म्हणून वरून गंधक भुरभुरवत तो वितळवला आणि नवं झाकण ओतलं. आमच्याकडे भांडं घेताना वाजवून घेतात. चाचांनी वाजवलं, यांनी वाजवलं, मीही टिचकी मारून पाहिली. आवाज खणखणीत होता.

सकाळी इंजिन सुरू झालं. पाटात पाणी आलं, तशी मी पदर खोचून वाफ्यांकडे धावले. दुपारी झाकण तापलं आणि दांडा खडखडायला लागला. उघडून बघतो तर दांड्याचं भोक लांबट झालेलं. कुठे तडा नाही की चीर नाही. पुन्हा ओतलं. पुन्हा सकाळी खणखणीत, दुपारी सैल. तिकडे झाडांची पानं वळायला लागली होती.

"चाचा, तुमाले ओतता येते का नाई?" मी चिडून विचारलं.

"बेटी, आवाज तं बराबर देऊन राह्यला," चाचा म्हणाले. "आता त्याच्या पोटात का हाय, मले का मालूम?"

यांचे आतेभाऊ लढाईच्या काळात विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. हे त्यांना घेऊन आले.

"गार असतानी दोन्ही सारखेच," भाऊजी झाकण हातात फिरवत म्हणाले. "तापलं का साधं मॅग्नेशियम वजनाखाली सरकत जाते. अस्सल झाकणात सेरियमसारख्या दुर्मिळ धातूंची भर होती. ते धातूच्या दाण्यादाण्याच्या सांध्यात बसून त्याले धरून ठेवते."

"मंग ते भेटते कुठं?" यांनी विचारलं.

"लायटरात ठिनगी पाडते त्या खड्यात." भाऊजी हसले. "पण तो कणभर रायते. तुले मूठमूठ लागन."

हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खडे गोळा करत सुटले. कारंज्याची दुकानं झाली, पार केनवडचा बाजार झाला. एसटीत बिडी पेटवणाऱ्या परक्या माणसाकडेही त्यांनी त्याच्या लायटरचा खडा मागितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि घरी येऊन मीच माहेरी निरोप धाडला, दादाच्या लायटरातला खडा काढून पाठवा म्हणून.

चाचांनी वितळलेल्या धातूत खडे सोडले आणि पुन्हा झाकण ओतलं. ते झाकण दुपार ओलांडून गेलं, दिवेलागणीपर्यंत पाणी चाललं. हे पाटात पाय सोडून बसले आणि शीळ घालू लागले. यांना शीळ घालता येते हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दांडा खडखडला.

"खडे कमी पडले," हे म्हणाले. "आनखी पायजेत."

"आता कुठून आनता? सारे लोकं काडेपेटी वापरून राह्यले."

मी हे बोलले आणि मलाच रडू फुटलं.

आधी फळं गळाली, हिरवीच. मोटेच्या बाजूची काही झाडं जगली, इंजिनाच्या बाजूची सगळी गेली. हे रोज जाऊन नखाने साल खरवडायचे, आत हिरवं आहे का बघायचे. मग एका सकाळी कुऱ्हाड घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात मी संत्र्याच्या लाकडावर भाकरी केल्या. लाकूड चांगलं जळायचं. हे चुलीकडे पाठ करून जेवत.