आधी जागा, मग हत्यार

लॉजच्या खाटेवर मी आडवी आहे आणि झोपायचं नाही असं ठरवलंय. हत्यारांचं दुकान दुपारी एकला बंद होतं, चारला उघडतं. परवान्यावर हत्यार विकत घ्यायची मुदत आज संपते. ही मुदत मी दोनदा वाढवून घेतलीय. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कारकून अर्ज परत करत म्हणाला, बाई, पिस्तूल बघताय का स्थळ? त्याच्या शेजारचे दोघं हसले. मी हसले नाही. आज पसंत केलं नाही तर परवाना नुसता कागद उरेल आणि मी रिकाम्या हातानं गावी जाईन. गावात वाळूवाला रंगराव जामिनावर सुटून आलाय.

सकाळी दुकानदारानं काचेवर तीन हत्यारं मांडली होती. एक बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, लांब नळीचं, हातात घेतलं की हात खाली जातो. एक चपटं पिस्तूल, ते दोन्ही हातांनी ओढून तयार करावं लागतं. आणि एक तळहातात मावणारं छोटं रिव्हॉल्व्हर. छोट्यावर बोट ठेवून म्हणाला, हे लेडीजसाठी, पर्समध्ये बसतं. मी विचारलं, यातली गोळी समोर गडी आहे का बाई ते बघून निघते का? मग त्यानं चामड्याची कव्हरं काढली. सगळी पट्ट्यात अडकवायची. मी पट्टा लावत नाही. मी साडी नेसते, परकराच्या नाडीवर लोखंड टिकत नाही. इतकी वर्षं हत्यारं विकणाऱ्या त्या माणसाला ही गोष्ट आज पहिल्यांदा कळली. मी मोठं उचललं. हातात बरं वाटलं. तेच घ्यायचं हे जवळजवळ पक्कं करून मी इथं येऊन पडलेय.

पंखा खडखडतोय. खिडकीतून बसस्टँडवरच्या गाड्यांची नावं ऐकू येतायत, बीड, माजलगाव, परळी, मग नुसतेच आवाज. पंख्याची खडखड हळूहळू पायानं चालायला लागते. टाच खाली, चवडा वर. कुणीतरी लांब शिवण मारतंय.

"उठा, पेपरबाई. माप द्यायचंय ना?"

मुरलीधर बगाडे. लेडीज टेलर. दोन वर्षांपूर्वी मेला. मेला म्हणजे मारला. रंगरावच्या वाळूच्या ट्रॅक्टरनं, मागून.

खाटेच्या पायथ्याशी त्याचं मशीन आहे आणि तो स्टुलावर बसलाय, गळ्यात टेप, कानावर खडू. मी घाबरत नाही. मला रागच येतो. दोन वर्षं कुठं होता हा माणूस?

आमची जोडी अकरा वर्षांची. नदीतली वाळू कोण उपसतो, कुणाच्या सहीनं उपसतो, हे तो माहितीच्या अधिकारात कागद मागून काढायचा आणि मी माझ्या साप्ताहिकात छापायचे. 'नांगी' नाव साप्ताहिकाचं. मी सातवी शिकलेली, लिहायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मला गुळगुळीत लिहिता येत नाही. त्याच्याकडं गावातल्या सगळ्या घरांतले ब्लाऊज यायचे आणि ब्लाऊजबरोबर बातम्या. धमक्या आल्यावर त्यानं परवाना काढला, रिव्हॉल्व्हर घेतलं. सदऱ्याच्या आत स्वतः खिसा शिवला. चार वर्षं त्याच्या कमरेला हत्यार होतं आणि त्याच्या सख्ख्या बहिणीलाही ते दिसलं नाही.

मी सांगते, तीन हत्यारं बघितली, ही अशी अशी आहेत. तो हात वर करून थांबवतो.

"हत्यार नंतर. आधी जागा. ठेवणार कुठं?"

मी पर्स म्हणते. तो म्हणतो, पर्स तुम्ही कुठंही विसरता, तहसीलमध्ये तीनदा विसरलात, तिन्ही वेळा मीच आणून दिली. ब्लाऊजमध्ये म्हणते. तो म्हणतो, तुमचे ब्लाऊज मी शिवलेत, तिथं चष्म्याचं घरसुद्धा बसत नाही. मला हसू येतं. दोन वर्षांत मी कुणाबरोबर हसलेले नाही. शेजारची मंडळी माझ्या ओट्यावर पोरांना येऊ देत नाहीत. अंक टाकायला गेले तर लोक दाराआडून घेतात. चहाचं पातेलं अजून दोन कपांचंच ठेवते मी, आणि एक कप ओतून देते.

तो मला कामं सांगतो. वाका. हापशावर पाणी भरताना वाकता तसं. मी वाकते तर हातात हापशाचा दांडा आहे आणि लॉजची फरशी ओली. कमरेला ते मोठं रिव्हॉल्व्हर आहे, कधी खोचलं आठवत नाही. नळी मांडीत रुतते. स्कुटीवर बसा, म्हणतो. खाट स्कुटी होते. दस्ता बरगडीला लागतो आणि पदराखाली असा उंचवटा येतो की आंधळ्यानंसुद्धा ओळखावा. तो लांबून बघतो, मान तिरकी करून, एखादी बाई ट्रायलला उभी राहावी तसं.

"लपवायचंय का दाखवायचंय?"

लपवायचंय, मी म्हणते.

"मग हे का उचललंत?"

मी पदर ओढून घेते. मशीन बंद आहे तरी शिवणीचा आवाज चालूच आहे.

आता आम्ही पोलीस ठाण्यात बाकड्यावर बसलोय. इथं कसे आलो, कुणी विचारत नाही. समोर मुद्देमालाची खोली, दार उघडं. आत दारूचे कॅन, एक सायकल, चोरीची पितळी भांडी, आणि मांडणीवर मुरलीभाऊंचं रिव्हॉल्व्हर, घोड्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. त्यानंही केलं होतं. तो उठून हवालदाराला विचारतो, साहेब, माझं देता का? हवालदार मान वर न करता म्हणतो, निकाल लागला की न्या. तो परत येऊन बसतो.

"निकाल लागून दोन वर्षं झाली," मी म्हणते. "रंगरावचा माणूस निवडून आला."

"इथं अजून लागला नाही," तो म्हणतो. "मी रोज येतो."

हे बोलताना त्याच्या आवाजात तक्रार नाही. रेशनच्या रांगेतला माणूस बोलावा तसं बोलतो. मला ते सहन होत नाही. जे दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, लिहिलं नाही, ते माझ्या तोंडाशी येतं. निवडणुकीत परवाने तपासणाऱ्या समितीकडं त्याला अर्ज करता आला असता. जिवाला धोका आहे असं लिहून दिलं असतं तर हत्यार जवळ ठेवायची सवलत मिळाली असती. तो अर्ज करणारही होता. मीच नको म्हणाले. रंगरावच्या टोळीनं आपली हत्यारं जमा केली नव्हती आणि मला त्यांना अंकातून नागडं करायचं होतं. मला समोर एक स्वच्छ माणूस हवा होता. तो गेला, रिव्हॉल्व्हर जमा केलं, पावती घेऊन आला. मी ती त्याच्या हातात धरायला लावून त्याचा फोटो काढला आणि पहिल्या पानावर छापला. वर मथळा दिला, कायदा पाळणारा माणूस असा असतो. आठव्या दिवशी ट्रॅक्टर आला.

"मुरलीभाऊ," मी म्हणते, "तुमच्या कमरेला काही नाही हे मी छापून सांगितलं."

ठाण्यातला पंखा फिरतोय. तो बघतोय समोर.

"सांगितलंत," तो म्हणतो.

बस्स, एवढंच. मी वाट बघते की तो पुढं काही बोलेल, जाऊ द्या, तुमचा काय दोष, असं काहीतरी. लोक हे मला म्हणाले असते, म्हणून तर मी लोकांना सांगितलं नाही. तो तसलं काही बोलत नाही.

मग म्हणतो, "फोटो बरा आला होता. भांग सरळ होता." आणि थोड्या वेळानं, "किती अंक काढता हो?"

चारशे, मी म्हणते. त्यातले दोनशे फुकट.

"मग सगळ्या तालुक्यानं वाचलं असं काही समजू नका." तो खडू कानावरून काढतो, परत ठेवतो. "ज्यानं वाचायचं त्यानं वाचलं."

बाकडं संपतं आणि वाळू सुरू होते. नदीचं पात्र, उपसून उपसून विहिरीएवढे खड्डे पडलेलं. मी साडी वर धरून चालतेय आणि तो पुढं, अनवाणी. मी मागून ओरडत नाही, नुसतं सांगते. मोठं का उचललं ते सांगते. मला ते रंगरावला दिसायला हवंय. आठवडी बाजारात, भर गर्दीत, मी पदर बाजूला करणार आणि तो बघणार. एकदा त्याचं तोंड बघायचंय मला, तुमच्यासारखं, मागं वळायला वेळ न मिळालेलं. त्यानंतर माझं काय व्हायचं ते होऊ दे. माझ्यामागं रडणारं कुणी नाही, ओट्यावर कुलूप लावलं की संपलं.

तो थांबतो. वळतो. पहिल्यांदा माझ्याकडं रागानं बघतो.

"मग शिंप्याकडं कशाला आलात? बँडवाल्याकडं जा."

मी म्हणते, चेष्टा करू नका.

"चेष्टा नाही. दाखवायचं काम एका दिवसाचं, त्याला शिवण लागत नाही. लपवायचं म्हणजे रोज. रोज सकाळी साडी नेसताना ते खोचायचं, रोज रात्री काढायचं. म्हातारं होईस्तोवर. गुडघे दुखतात तेव्हापण. होईल तेवढं?"

"कुणासाठी?" मी विचारते.

वाळूवर वारा आहे, त्याचा सदरा हलतो आणि सदऱ्याच्या आत तो खिसा दिसतो, रिकामा, तोंड उघडं. त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून मी थांबते. माझ्यासाठी, असं म्हणाला असता तरी चाललं असतं. गावासाठी म्हणाला असता तर मी शिवी दिली असती.

"ते मला काय माहीत," तो म्हणतो. "मी माप घेतो."

आणि घेतो. टेप माझ्या कमरेभोवती येतो, थंड, त्याची बोटं मला लागत नाहीत, अकरा वर्षांत कधी लागली नाहीत. तो म्हणतो, माझा खिसा चुकला होता. डावीकडं शिवला, सदरा अंगावर सरळ पडावा म्हणून. हात तिथं जायचाच नाही. चार वर्षांत एकदाही नीट काढता आलं नाही ते, पण मी कुणाला बोललो नाही, शिंप्यानं स्वतःचाच खिसा चुकवला म्हणून हसले असते. हे सांगताना तो लाजतो. मेलेला माणूस लाजतो हे मी पहिल्यांदा बघते.

म्हणजे हत्यार असतं तरीही? असं मी विचारते. तो खांदे उडवतो. ट्रॅक्टर मागून आला, म्हणतो, पुढून आला असता तर कुणास ठाऊक. एवढं बोलून तो मला तसंच अडकवून ठेवतो, ना सुटलेली, ना धरलेली.

मग माझ्या उजव्या कुल्ह्याच्या थोडं मागं, नाडीच्या खाली, अंगठा टेकतो.

"इथं. परकराला आतून खिसा, दुहेरी कापडाचा. निऱ्या पुढं, पदर मागून येतो, त्याच्याखाली काही दिसत नाही. पण लहान पाहिजे. इथं मोठं बसत नाही."

मी म्हणते, चहा घेऊन जा. पाणी ठेवलेलंच आहे. तो म्हणतो नको, ठाण्यात जायचंय, निकाल लागला तर नंबर जायचा. मी म्हणते मी पण येते. तो नको म्हणतो, नुसता हात हलवतो, रस्त्यानं जाताना दुकानातून हलवायचा तसा, आणि पात्रातून चालत जातो. खड्ड्यात उतरतो, दिसेनासा होतो. पलीकडून वर येईल म्हणून मी बघत राहते. येत नाही. वाळूत मी एकटी आहे आणि कुणीतरी माजलगाव, माजलगाव म्हणून ओरडतंय.

पंखा. छत. तोंडाला कोरड. चार वाजून दहा मिनिटं झालीत.

मी उठून बसते. उशी ओली आहे, ती मी उलटी करते. तोंड धुते. दुकानदाराकडं जायचंय आणि सकाळी ज्याच्यावरून त्याला वाट्टेल ते बोलले, तेच छोटं हत्यार मागायचंय. तो पुन्हा लेडीज म्हणणार. म्हणू दे. ते घेतलं म्हणजे उद्या सकाळी साडी नेसायची आहे, आणि परवा, आणि गुडघे दुखायला लागल्यावरही. हे मला आवडलंय असं मी म्हणणार नाही.

चुरगळलेली साडी सोडून नीट नेसायला घेते. परकर काळा. उजव्या कुल्ह्याच्या थोडं मागं, नाडीच्या खाली, पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा आहे. चार टाके, लांब लांब, जागा धरून ठेवायला शिंपी घालतात तसे. शेवटी गाठ नाही, दोरा तसाच सोडलेला. माझ्याजवळ सुई नाही. खोलीला आतून कडी आहे.

दोऱ्याचं टोक ओढलं तर सगळं निघेल. मी ओढत नाही. निऱ्या खोचते, पदर घेते, आणि हात मागं नेऊन बघते, मान न वळवता. बोटं बरोबर टाक्यांवर येतात.