मिसिसिपीपलीकडचं रान

दुसऱ्या दिवशीचा तास आदल्या संध्याकाळी घरी बोलून बघायची खोड मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच लागली. शिरूरच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवायचा होता आणि भर वर्गात बोलताना मला धाप लागायची. समोर कुणीतरी ऐकायला हवं म्हणून आप्पांना बसवायची. आप्पा म्हणजे माझे वडील. भीमेच्या काठाला, दौंड तालुक्यात आमचं घर. अंगणातल्या बाजेवर बसून ते चातीवर लोकर कातत असायचे आणि मी अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारत अटलांटिकच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघायची.

शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण ऐकणारा म्हणून ते माझ्या वर्गापेक्षा बरे होते. मोबाईल बघत नसत आणि जांभया देत नसत. फक्त मधेमधे बोलायचे, आणि फार बोलायचे.

सुरुवातीला ते चक्क वसाहतवाल्यांच्या बाजूचे होते. गाड्यांत बिऱ्हाड घालून, गुरं हाकत, लेकरंबाळं घेऊन ही माणसं डोंगर ओलांडून मावळतीकडे निघाली, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. आम्हीही तसेच होतो ना. दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादायचा, मेंढरांमागून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आत वर यायचं. मी नववीत जाईपर्यंत आमच्या घरात हेच चाललं होतं. मग माझी शाळा तुटू नये म्हणून आप्पांनी थोडी जमीन घेतली आणि आम्ही गावात टेकलो. त्यामुळे त्या गोऱ्या लोकांबद्दल त्यांना भारी आपुलकी. वाटेत पाणी कुठं धरायचे, बाई बाळंत झाली तर तांडा थांबायचा की पुढं जायचा, असलं विचारत बसायचे. मला त्याची उत्तरं येत नसत आणि परीक्षेलाही ती येत नसत, म्हणून मी वैतागायची.

पण ही माणसं जिथं गेली तिथंच राहिली, त्यांनी कुंपणं घातली, हे ऐकलं आणि आप्पांचं बिनसलं.

"उठली न्हाईत?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं. तीच तर अमेरिका.

"दुसऱ्याच्या रानात बसलं तर उठायचं असतं," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून ती माणसं त्यांच्या मनातून उतरली ती कायमची.

रानात बसणं हे आमच्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. शेतकऱ्याचं पीक निघालं की मेंढरं रात्रीची त्याच्या मोकळ्या शेतात बसवायची. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढरांना दिवसा धसकटं आणि पाला मिळतो, आणि मेंढपाळाला ज्वारी. कोकण सुटलं तरी आप्पांनी मेंढरांचं लहानसं खांड राखलं होतं, आणि शाळू काढून झाला की ते नदीपलीकडे जायचं, तळेगाव ढमढेऱ्याच्या अंगाला, एका बागाईतदाराच्या रानात. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. मोठं घर, सोसायटीत वजन, बोलणं मात्र मऊ. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसत आली होती.

यात लिहिलेलं काही नव्हतं, रीत तेवढी होती. रान मेंढपाळानं मागायचं नाही, रानवाल्यानं घरी येऊन सांगायचं. मागितलं तर तो लाचार ठरतो, बोलावलं तर पाहुणा. आबा स्वतः यायचे, पूर्वी सायकलवर, नंतर मोटरसायकलवर. चहा व्हायचा, मग पाऊसपाणी, सोयरिकी, साखर कारखान्याची निवडणूक. उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात ते म्हणायचे की रान मोकळं झालंय. आप्पाही तितक्याच सहज म्हणायचे, येतो. पहिल्या घोटापासून दोघांनाही ठाऊक असायचं की बोलायचंय काय. लहानपणी मला या नाटकाचं हसू यायचं.

गेल्याच्या आदल्या वर्षी आबा आले नाहीत.

शाळू निघाला, फाल्गुन लागला. रस्त्यानं मोटरसायकल वाजली की आप्पा मान वर करायचे आणि ती पुढं निघून गेली की पुन्हा चातीत बघायचे. आमच्या बाजूला चारायला जागा उरली नव्हती. जिकडंतिकडं ऊस, बांधावर तणनाशक मारलेलं, आणि गायरानाला तारेचं कुंपण पडलेलं. आबांच्या रानावरच मेंढरांचा उन्हाळा निघायचा. ते मिळालं नाही तर खांड ठेवता येणार नव्हतं, एवढं सरळ होतं. मी म्हटलं, आबांचा नंबर मिळवून फोन लावून देते. तर माझ्यावरच उसळले.

"आजवर मागितलं न्हाई. आता म्हातारपणी त्यांच्या दारात जाऊन उभा ऱ्हाऊ व्हय?"

वर्गात नेमका तेव्हा चेरोकींचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ जमातीचा धडा आला. मी अंगणात फेऱ्या मारत सांगत होते. अमेरिकेनं फ्रान्सकडून अफाट मुलूख विकत घेतला. विकणाऱ्यानं विकला, घेणाऱ्यानं घेतला, त्यावर राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मग मिसिसिपीच्या अलीकडच्या मूळ लोकांना सांगण्यात आलं की तुम्ही नदीपलीकडे जा, तिकडं तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. चेरोकी तर शेती करत होते, चांगल्या घरांत राहत होते. त्यांनी आपल्या भाषेला लिपी केली, वर्तमानपत्र काढलं, कोर्टात गेले आणि तिथं निकालही आपल्या बाजूनं मिळवला. तरी त्यांच्यातल्या मूठभर माणसांनी एका तहावर सह्या केल्या आणि सगळ्यांनीच मान्य केलं असं धरलं गेलं. शेवटी सैनिकांनी त्यांना घराघरातून बाहेर काढलं, आणि थंडीवाऱ्यात चालता चालता कितीतरी माणसं वाटेतच मेली.

चाती थांबली.

"शिकून बी?" आप्पांनी विचारलं.

शिकूनसुद्धा, म्हटलं. मग त्यांनी विचारलं की नदीपलीकडचं ते रान कुणाचं होतं. तिथंही दुसरे लोक राहत होते, मी सांगितलं. त्या लोकांनी यांना बोलावलं होतं का? नाही हो आप्पा, त्यांना कोण विचारतंय.

"मग लई वंगाळ," ते म्हणाले.

माणसं मेली, घरं गेली, आणि आप्पांना दुःख कशाचं, तर बोलावणं नव्हतं याचं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे चवीनं सांगितलं आणि पोरं हसली. मीही हसले.

पाडव्याच्या सुमारास मी कॉलेजातून आले तर अंगण गप्प होतं. आप्पांनी मेंढरं विकली होती. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात बोलावून, मी घरी नसताना. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले की आबांना नको असतील आता मेंढरं, समदी पोत्यातलं खत घालत्यात. आवाज सरळ होता, पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मला आबांचा एवढा संताप आला की मनातल्या मनात मी त्यांना अमेरिकेचं सरकार करून टाकलं. पिढ्यांचा संबंध, आणि नको तर नको असं सांगायलाही येऊ नये माणसानं? पुढं वर्षभर तो धडा मी जरा जास्तच आवेशानं शिकवला.

यंदा परीक्षेच्या कामासाठी तळेगावला जायचं झालं. काम संपवून एसटीची वाट बघत उभी होते तर आबाच समोर आले. काठी टेकत, बरेच वाकलेले. लहानपणी मला ए पोरी म्हणून हाक मारणारा माणूस, पण आता म्हणाले, "मॅडम, घरी चला. च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई."

राग होता, पण नाही म्हणता आलं नाही. वाटेत त्यांचं रान लागलं. त्यावर निळ्या पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन उभं होतं आणि दारात ट्रकवाले हिंदीत भांडत होते. मी तिकडं बघतेय हे आबांनी पाहिलं, पण बोलले ते घरी जाऊन, कपबशी हातात दिल्यावर.

"त्या साली रान मोकळंच ठेवलं व्हतं मी. नांगर बी घातला न्हाई. म्हणलं, आज येत्याल, उद्या येत्याल."

मग सांगायला का आला नाहीत, मी विचारलं. माझा आवाज चढला असणार. आबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू म्हणायचं होतं, एवढी शिकलेली बाई, आणि हिला हेही कळू नये.

"कसं येणार, मॅडम? तुम्ही कालेजात शिकवायला लागल्या. तुमच्या वडलांस्नी मेंढरं घिऊन या म्हणायचं म्हंजी आमच्या रानात राबायला या म्हणल्यावानी झालं असतं. त्यांचा मान हाय आता. म्हणलं, वाटलं तर आपल्या मनानं येत्याल."

त्यांचा मुलगा गोडाऊनवाल्याला हो म्हणायला उतावळा झाला होता. आबांनी त्याला अडवून धरलं होतं, मेंढरं येऊन जाऊ देत म्हणून. मग बाजारात कुणीतरी सांगितलं की आप्पांनी खांडच विकून टाकलं. तेव्हा आबा मुलाला म्हणाले, कर तुला काय करायचं ते.

वर्गात किती सोपं असतं. फळ्यावर एका बाजूला घेणारे लिहायचे, एका बाजूला गमावणारे, आणि मधे एक जाड रेघ. इथं कुणीच काही हिसकावलं नव्हतं. दोन म्हातारे एकमेकांचा मान राखत नदीच्या दोन्ही काठांना वाट बघत बसले आणि मधल्या मधे मेंढरंही गेली, रानही गेलं. त्यांच्या मधे येऊन बसली होती ती माझी नोकरी. ज्या नोकरीसाठी आप्पांनी कोकण सोडलं, तीच. परतीच्या एसटीत मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, पोट दुखतंय का? हो म्हटलं.

सांगावं की नाही याचा मी दोन दिवस घोळ घातला. अखेर आप्पा बाजेवर बसले असताना सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोकळं व्हतं?" त्यांनी विचारलं. आणि थोड्या वेळानं, "नांगरलं बी न्हाई?"

नाही, म्हटलं. मला राहवलं नाही. माझ्यामुळं झालं आप्पा, मी म्हटलं. गप बस, म्हणाले. आणि मग, "त्यांना फोन लाव."

आबांनी निघताना नंबर दिला होता. मी फोन लावला, आवाज मोठा करून आप्पांच्या हातात दिला. वाटलं, आता दोघं मन मोकळं करतील, निदान एकदा तरी सरळ बोलतील. आप्पांनी फोन तोंडाजवळ धरला.

"आबा, तुम्ही जिवाला लावून घिऊ नका. मेंढरं रानापायी इकली न्हाईत. पोरगीच म्हणाली, बास आता आप्पा, आपल्याला शोभत न्हाई. म्हणून इकली."

असं मी कधी म्हणाले नव्हते. मनातसुद्धा नाही.

पलीकडून आबांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. "तेच म्हणलं मी, आमच्या घरात तेच म्हणलं. मॅडमला कसं आवडंल ते?" मग दोघं पाऊसपाण्याकडं वळले, कुणाच्या नातवाच्या लग्नाकडं वळले, आणि आबा पूर्वीसारखे मोठ्यानं हसलेही. आता उद्या कुणी विचारलं तर दोन्ही काठांवर एकच हकिगत सांगितली जाईल, की मॅडमनं मेंढरं विकायला लावली.

आप्पांनी फोन परत दिला. मी त्यांच्याकडे बघत उभी होते, ते माझ्याकडे बघत नव्हते.

"म्हातारं झुरून मेलं असतं," ते म्हणाले. "तुला काय, तू सोसशील. तू शिकलेली हायेस."