काडीची फुलं, पितळेची कड

जन्मभर पितळ घासत आलेल्या आप्पांनी म्हातारपणी बायकोकडून गव्हाच्या काडीचं नक्षीकाम शिकायला घेतलं. काडी चिरायची, भिजवून चपटी करायची, मग चिकटवायची. त्यांच्या राठ बोटांत ती तुटायचीच.

“अहो, परात ठोकताय का?” ती खेकसायची.

शेवटी एक डबी जमली. काडीची फुलं तिची, पितळेची कड आप्पांची.

“ही कड पुन्हा घासायची नाही हं. पॉलिशचा मळ बसला की काडी गेलीच म्हणून समजा,” तिनं बजावलं.

पुढं बायको वारली. कड काळवंडत चालली. आप्पांचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी कधी फडकं लावलं नाही.

आज सून हौसेनं डबी घेऊन आली. “आप्पा, बघा, कशी लख्ख केली!”

कड झगमगत होती. फुलं काळीठिक्कर पडली होती.

“चकाकी छान आणलीस गं,” आप्पा म्हणाले.